मारायचा नाही, पण घरात नको

गणपती गेले आणि घट बसायचेत, त्या मधल्या दिवसांत आमच्याकडे सफाई निघते आणि सफाई निघाली की घरात पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो कोळी दिसला की चप्पल, दुसरा म्हणतो तुमचं काय खातोय तो, राहू दे की. पहिल्या पक्षात नवरा एकटाच, आणि चप्पल घेऊन खरोखर कोळ्याच्या जवळ जायची वेळ आली की तोही गुपचूप दुसऱ्या पक्षात जातो. दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षा आमच्या सासूबाई. त्या तिरुपतीच्या ट्रिपला गेल्या होत्या तेव्हा गाडी श्रीकालहस्तीलाही थांबली, तिथे कोणीतरी गोष्ट सांगितली की कोळी, साप आणि हत्ती या तिघांनी शंकराची भक्ती केली आणि तिघांनाही मोक्ष मिळाला, झालं, तेव्हापासून आमच्या घरातल्या समस्त कोळ्यांना वरून संरक्षण आहे. "भक्त आहे तो, चप्पल काय उगारता!" मी म्हटलं आई, भक्त आहे ना, मग देवघरात बसू दे की, माझ्या टॉवेलवर काय करतोय?

माझा पक्ष तिसरा. मारायचा नाही, पण घरात नको. हा पक्ष ऐकायला फार सुसंस्कृत वाटतो आणि चालवायला महाकठीण, कारण मारायला एक सेकंद लागतो आणि जिवंत बाहेर काढायला अर्धी रात्र जाते.

आमचं घर पुण्यात, तळजाईच्या पायथ्याशी, पहिला मजला, मागच्या बाजूला झाडंच झाडं. एजंटने घर दाखवताना ग्रीनरी ग्रीनरी म्हणून इतकं डोकं खाल्लं होतं, पण त्या ग्रीनरीत कोण कोण राहतं आणि ते पावसाळ्यात कुठे मुक्कामाला येतं हे काही बोलला नाही तो.

आता सरसकट कोळी कोळी म्हणून चालत नाही, हे मला माझ्या मुलीमुळे कळलं. ती नववीत आहे आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने घरातलेच कोळी घेतले (खर्च शून्य, ते बरं). "आई, तो किडा नाहीये, किड्यांना ६ पाय असतात, याला ८ आहेत," हे तिचं दिवसातून एकदा तरी असतं. तर आमच्याकडे मुख्य तीन प्रकार आहेत. एक तो छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, इवलंसं अंग आणि दोऱ्याहून बारीक लांबच लांब पाय. याला झाडूचं टोक लागलं की पळून जायचं सोडून जागच्या जागी गरगर थरथरायला लागतो, इतक्या जोरात की तो दिसेनासाच होतो, नुसता धुरकट ठिपका दिसतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं याला फिट आली. पण ते त्याचं शत्रूला चकवायचं तंत्र आहे म्हणे. डास खातो, दुसरे कोळीही खातो, त्यामुळे स्टोअररूममधल्याला मी काही करत नाही, हॉलमधल्याला मात्र करते, कारण हॉलमध्ये लोक येतात आणि लोकांना जाळं दिसतं, डास कमी झालेले दिसत नाहीत.

दुसरा तो छोटुसा, केसाळ, भिंतीवर उड्या मारत फिरणारा. हा शिकारीसाठी जाळंबिळं काही विणत नाही. पुढे दोन मोठे डोळे आणि बाकीचे सहा इकडेतिकडे, आणि तुम्ही हललात की चक्क वळून तुमच्याकडे बघतो. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असताना हा स्क्रीनच्या कडेवर बसून कर्सरवर झडप घालत होता, आणि खरं सांगते, त्या मीटिंगमध्ये मनापासून काम करणारा तो एकटाच होता. त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते तिसऱ्याशी. बाथरूममधला. चहाच्या बशीएवढा, चपटा, तपकिरी, सरळ न पळता तिरका सुटणारा. इंग्रजीत हंट्समन म्हणतात, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया, मराठीत आमच्याकडे त्याला "अगं आई गं" म्हणतात. हाही जाळं विणत नाही, रात्री हिंडून झुरळं पकडतो. म्हणजे तत्त्वतः आपल्याच बाजूचा. पण रात्री दीड वाजता लाइट लावल्यावर कमोडच्या वरच्या भिंतीवर तो दिसला की तत्त्वं वगैरे काही आठवत नाहीत हो. त्यात मादी असेल तर पोटाखाली एक चपटी पांढरट चकती धरून फिरते, ती अंड्यांची पिशवी, त्यातून शे-दोनशे पिल्लं निघतात. हे मुलीने जेवताना सांगितलं. नवऱ्याने पोळी तशीच ठेवली.

आता तुम्ही म्हणाल कामवाल्या मावशींना सांगायचं. सांगितलं ना. मावशी म्हणाल्या, "झाडू-फरशी ठरलंय ताई, वरचं नाही. जळमटं दिवाळीला, त्याचे वेगळे." आणि पैसे वेगळे घेऊनही त्या फक्त जळमटं काढतात, ज्याने ती केली त्याला बाजूला सरकवून ठेवतात, चार दिवसांनी तो परत तिथेच. मग मी स्वतः तो लांब दांड्याचा गोल ब्रश आणला, पण मला वेळ मिळतो संध्याकाळी ऑफिसवरून आल्यावर, आणि तिन्हीसांजेला झाडू हातात घेतला की सासूबाई म्हणतात लक्ष्मी यायच्या वेळेला झाडतेस? म्हणजे सकाळी मला वेळ नाही, संध्याकाळी लक्ष्मीला चालत नाही आणि रात्री ब्रशला पंखा लागतो. कोळ्यांना हे टाइमटेबल पाठ आहे.

पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारलं. आमचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे, तो येऊन ट्रॉलीच्या कोपऱ्यांत जेलचे ठिपके लावून जातो. मी म्हटलं दादा, कोळ्याचं काय? तो म्हणाला मॅडम, कॉक्रोच आणि मुंगी कव्हर आहे, स्पायडर पॅकेजमध्ये येत नाही. आणि मग जरा आवाज खाली घेऊन म्हणाला, "स्प्रे मारून पण फार उपयोग नसतो, झाडूच मारा." मला त्याचा प्रामाणिकपणा इतका आवडला की त्याला चहा दिला. आणि ते खरंच आहे, झुरळ अंग फरशीलगत ठेवून फिरतं आणि मग आपलेच पाय-मिशा चाटून साफ करतं म्हणून औषध पोटात जातं, कोळी मात्र पायांच्या टोकांवर चालतो, औषधाला त्याचं अंग लागतच नाही फारसं. थेट अंगावर मारला तर मरतो, पण मग तो स्प्रे तुमच्याही नाकात जातो, आणि घरात मांजर किंवा फिश टँक असेल तर जास्तच जपावं लागतं, त्यातली बरीच औषधं माशांना फार विषारी असतात आणि पर्मेथ्रिन तर मांजरांना अजिबात सोसत नाही. आणि कृपा करून पेटत्या गॅसजवळ स्प्रे मारू नका, तो डबा भडका उडवू शकतो. कोळ्यापायी ओटा जाळायचा नाहीये आपल्याला.

उपाय सांगणारे तर इतके भेटले की त्यांनाच पकडून बाहेर सोडावंसं वाटलं. निलगिरी तेल, पुदिन्याचं तेल, कापूर, लिंबाची सालं. मी सगळं केलं. घराला पानाच्या टपरीचा वास यायला लागला, कोळी होता तिथेच. नवऱ्याने एक प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र मागवलं, निळा दिवा लागतो, आवाज येत नाही, म्हणजे ऐकू येणार नाही अशीच सोय आहे, मग चालू आहे की नाही हे कोण सांगणार! अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने असली यंत्रं विकणाऱ्यांना २००१ मध्येच पत्रं पाठवली होती की बाबांनो, दाव्याला पुरावा असू द्या. आमच्याकडे पुरावा चार दिवसांत मिळाला. यंत्राच्या वरच्या बाजूला आणि सॉकेटच्या मधे लांब पायवाल्याने जाळं केलं होतं. त्या निळ्या दिव्याचा उजेड छान पडायचा त्याच्यावर.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कमरेवर पट्ट्यात फोड उठले, आग व्हायला लागली, तर अख्ख्या बिल्डिंगने निदान केलं की अंगावर कोळी मुतला. गेरू लावा, कोणी म्हणे उतरवून घ्या. सुदैवाने त्यांची सून त्यांना लगेच डॉक्टरकडे घेऊन गेली, ती निघाली नागीण, म्हणजे हर्पिस झोस्टर, त्याचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं, आणि ते तास गेरू लावण्यात जातात लोकांचे. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक लाल-काळा किडा अंगावर चिरडला तरी चट्टे उठतात, त्याचंही बिल कोळ्यावरच फाटतं. आमचा तो बशीवाला फारच अडचणीत सापडला तर चावतो, दुखतं, थोडं सुजतं, सहसा तेवढ्यावर भागतं. सूज वाढत गेली किंवा ताप आला तर सरळ डॉक्टर.

तर आता मुख्य ऑपरेशन. रात्रीचे अकरा, बशीवाला गिझरच्या वर, मी स्टुलावर, नवरा दाराबाहेर "मी बॅकअपला आहे" म्हणून. नवऱ्याला म्हटलं पकडायला काहीतरी दे, तर त्याने श्रीखंडाचा रिकामा डबा आणून दिला. अरे, पांढरा डबा! आत आहे की सुटला हे कळणार कसं? पारदर्शक पाहिजे, आणि त्याच्या पायांच्या पसाऱ्याहून मोठा पाहिजे, नाहीतर कडेखाली पाय चिरडतो आणि मग सासूबाईंना तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी हॉटेलच्या पार्सलचा मोठा गोल डबा सापडला. तो घेऊन हळू, अगदी हळू पुढे जायचं. याच्या पायांवर बारीक केस असतात, हवा जरा हलली तरी त्याला कळतं, त्यामुळे झपकन हात टाकला की तो गेलाच, आणि तो कुठे गेला हे न कळणं यासारखं वाईट काही नाही. मी श्वास रोखून डबा टेकवला. सापडला! आत गोल गोल फिरला आणि मग पाय आवरून बसला.

आता डबा आणि भिंत यांच्या मधून काहीतरी सरकवायचं. पेपर वाकतो, वहीचा पुठ्ठा जाड पडतो, फटीतून पाय बाहेर येतात. याला एकच वस्तू योग्य आणि ती म्हणजे लग्नपत्रिका. आमच्या मामेभावाची पत्रिका होती, जाड, गुळगुळीत, तीन पानी, मामाने खर्च म्हणून बघितला नव्हता. मी ती सरकवणार एवढ्यात सासूबाई मागून, "अगं थांब, त्याच्यावर गणपती आहे!" मग माझे हात भिंतीला चिकटलेले, डब्यात कोळी, आणि बाहेर दोघं मायलेक मिळून पत्रिकेचं गणपतीचं पान सोडवतायत. पाचेक मिनिटांनी मला आतलं पान मिळालं. ते खालून वर हळूहळू सरकवलं, तो एकेक पाय उचलत पत्रिकेवर चढला आणि नेमका "कृपया आहेर आणू नये" या ओळीवर जाऊन बसला. एवढ्या जवळून मी त्याला कधी बघितला नव्हता. पायांवर काटे, डोळ्यांखाली फिकट पट्टा, आणि पायाची टोकं काचेवर टिचकी मारावी तशी डब्यावर टेकवून बघत होता. मुलगी म्हणाली याचे पाय पसरतात ते अंगातलं पाणी आत दाबून, म्हणून मेला की पाय आपोआप आत वळतात. मी म्हटलं बाळ, उद्या सांग.

खाली गेले. वॉचमनकाका उठून उभे. "काय सोडताय ताई?"

"कोळी."

डब्यावर टॉर्च मारून ते दोन पावलं मागे सरकले. "विषारी आहे का?"

"नाही हो काका, काही करत नाही तो. उलट झुरळं खातो."

"मग वरच ठेवायचा ना."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्यांच्या केबिनपासून लांब, पार मागच्या भिंतीपाशी नेऊन सोडा म्हणाले, तसा सोडला.

पण सोडून उपयोग काय, घराचं दार उघडंच असेल तर दुसरा येणार. तो ड्रेनेजमधून येतो असं सगळे म्हणतात, पण खाली नहाणी ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं असतं, त्यातून पोहून कुठे येतोय तो! तो येतो खिडकीच्या काचपट्ट्यांमधून आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून. तिथे जाळी मारून घेतली, प्लंबरने हजार रुपये घेतले आणि हजारदा विचारलं की कोळ्यासाठी? नक्की? मागच्या बाल्कनीतली पांढरी ट्यूब काढून पिवळा एलईडी लावला, पिवळ्यावर पाखरं कमी येतात, पाखरं कमी तर कोळीही कमी. नवरा म्हणतो बाल्कनीत आता काही वाचता येत नाही. तिथे बसून त्याने आजवर काय वाचलंय हे मला आणि त्या कोळ्यांना माहीत आहे. कपाटामागचे पुठ्ठ्याचे खोके रद्दीवाल्याला दिले, आणि जळमटं शनिवारी सकाळी ब्रशने काढायची असं ठरलं, लक्ष्मीची आणि माझी दोघींची सोय बघून.

तरी एखादा येतोच, त्यामुळे डबा आणि पत्रिका बाथरूमबाहेरच्या फडताळात कायमची ठेवलीये. दिवाळीला मामी फराळाला आल्या, हात धुवायला गेल्या आणि पत्रिका हातात घेऊनच बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी. "अगं, आमच्या दादाच्या लग्नाची पत्रिका अजून जपून ठेवलीस! मेली हल्ली दुसऱ्या दिवशी रद्दीत टाकतात." मी नवऱ्याकडे बघितलं, म्हटलं आता हा काही बोलला तर संपलं. मामी पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "एवढ्या छापल्या होत्या, घरी अजून गठ्ठा पडलाय, काय करायचं त्याचं कळत नाही."

"पाठवून द्या ना मामी," नवरा म्हणाला, "दहा-बारा तरी. गणपती नसलेलं पान असेल तर फारच उत्तम."