शेऱ्याचा रकाना

सोमवारी पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजचा मेल आला. एमबीए पहिल्या वर्षाची पाच मुलं परीक्षा संपल्यावर, १५ एप्रिलपासून सहा आठवडे आमच्या संस्थेला 'कन्सल्टिंग' देणार, तेही फुकट. फक्त शुक्रवारपर्यंत प्रॉब्लेम स्टेटमेंट, म्हणजे कोणता प्रश्न सोडवायचा ते, कळवायचं. मी मोठ्याने वाचून दाखवलं तर हिशेब बघणारे काका मान वर न करता म्हणाले, "आपला प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्येच आहे. बँकेच्या."

हसून झालं. पण उत्तर काय द्यायचं हे काही ठरेना, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन वाचा.

जालना जिल्ह्यातल्या सात गावांत आम्ही संध्याकाळच्या अभ्यासिका चालवतो. गेल्या दहा-बारा वर्षांत अशा विद्यार्थ्यांचे आठ-नऊ गट येऊन गेले. त्यांचे स्पायरल बायंडिंगचे रिपोर्ट कपाटात वरच्या खणात आहेत. सगळ्यांत तेच चार चौकोन: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. पुढे शिफारशी. ब्रँडिंग करा, इन्स्टाग्रामवर या, पालकांसाठी ॲप काढा. आमच्याकडे घरातला एकमेव स्मार्टफोन बापाच्या खिशात असतो आणि बाप रात्री नऊला घरी येतो. ॲप उघडणार कोण? पोरं मात्र गुणी होती बरं का. उन्हातान्हात हिंडली, कधी जेवणाला नावं ठेवली नाहीत. वाया गेलं ते त्यांचं कष्टाचं काम, आणि त्यात आमचा वाटा मोठा आहे. त्याकडे येतो.

त्या सगळ्या रिपोर्टांत एकच कागद आम्ही खरोखर वापरला. तो एका मुलीने वहीच्या पानावर हाताने काढला होता.

ती लातूरकडची, चौघांच्या गटातली. त्यांच्या कॉलेजचा प्रोजेक्ट डिसेंबर-जानेवारीत असायचा. आमचं प्रॉब्लेम स्टेटमेंट होतं 'दिवाळीनंतर अभ्यासिकेतली गळती' आणि कारणही आम्हीच आधी सांगून टाकलं होतं: पालकांमध्ये जागृती नाही. (संस्थेच्या माणसाला काही कळेनासं झालं की तो जागृतीवर ढकलतो. मीही ढकललं.) बाकी तिघांनी पालकांसाठी प्रश्नावली केली. हिला ताप आला, दोन दिवस ऑफिसातच बसली, आणि करमेना म्हणून दैनंदिन्या वाचायला घेतल्या.

दैनंदिनी म्हणजे शिकवणाऱ्या ताई रोज भरतात ती लांबट वही. तारीख, पट, हजर, काय शिकवलं, आणि शेवटी शेरा. महिन्याच्या अखेरीला आमचा सुपरवायझर 'हजर'ची बेरीज करून सरासरी काढतो आणि एक्सेलमध्ये टाकतो, कारण देणगीदाराच्या फॉरमॅटमध्ये तेवढाच चौकोन आहे. शेरा कुठे टाकायला जागाच नाही.

तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्यासमोर उभी.

"सर, ला. रा. म्हणजे काय?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं त्या वह्यांवर माझी सही आहे आणि मला माहीत नव्हतं. ताईंना फोन लावला.

"लाईट रात्रीची, दादा. यात काय विचारायचं?"

शेतीपंपाची थ्री फेज लाईट आमच्या भागात आठ तास येते, तीही आळीपाळीने: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस नेमके दिवाळीनंतरचे. रात्रीची पाळी असली की बाप संध्याकाळीच शेतात जातो. अंधारात साप-विंचवाची भीती, म्हणून बॅटरी धरायला दहा-बारा वर्षांचा पोरगा सोबत. आईला स्वयंपाक लवकर उरकायचा, म्हणून धाकटं भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर. अभ्यासिकेची वेळ साडेसहा. येणार कोण?

त्या मुलीने वहीच्या पानावर तारखा मांडल्या होत्या. 'ला. रा.' असलेल्या दिवसांना पेन्सिलीने करडी पट्टी, खाली हजेरीचे आकडे. करड्या पट्टीत आकडे बसतात, पट्टी संपली की उठतात, पुन्हा बसतात. आम्ही महिन्याची सरासरी काढत होतो, त्यामुळे हे चढउतार एकमेकांत जिरून जात होते आणि आम्हाला दिसायची ती नुसती एक 'गळती'. गळती नव्हतीच मुळी. पोरं येत-जात होती.

मग रात्रीच्या पाळीत शाळा सुटल्या सुटल्या, पाचला, शाळेच्याच व्हरांड्यात तासभर बसायचं ठरलं. चार गावांत बरं चाललं. एका गावात मुख्याध्यापकांनी फाटकाची किल्ली द्यायला तीन महिने घेतले. उरलेल्या दोन गावांत पोरं शाळेतून थेट शेळ्यांमागे जात, तिथे काही जमलं नाही. आता एका गावाला सौर वाहिनीची दिवसा लाईट मिळते, तर तिथे हा प्रश्नच मिटलाय. त्यात आमचं कर्तृत्व शून्य.

या सगळ्यात मॅनेजमेंटचं शास्त्र कुठे लागलं? फार कुठे नाही. तिच्याकडे दोन गोष्टी होत्या ज्या आमच्याकडे नव्हत्या: मोकळा वेळ, आणि 'हे माहीतच आहे' असं न वाटणं. विद्यार्थ्यांकडून घ्यायचं ते हे. सल्ला नको. बावीस वर्षांच्या पोराने सहा आठवड्यांत संस्थेला दिशा द्यावी ही अपेक्षाच त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

आता आमच्या वाट्याचं. विद्यार्थी येणार म्हटलं की आम्हाला आधी आठवतं ते चकचकीत पीपीटी. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर (सीएसआर) खर्च करायची कंपनी कायद्यातली तरतूद २०१४ पासून लागू झाली आणि आमच्यासारख्यांच्या तोंडी 'इम्पॅक्ट', म्हणजे कामाचा परिणाम, आला. २०२१ च्या नियमांनी इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे तो परिणाम मोजणं, सक्तीचं केलं ते ज्यांचं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा जास्त आहे अशा कंपन्यांना, आणि तेही १ कोटी वा त्यावरच्या प्रकल्पांसाठी. पण शब्द झिरपत खाली येतात. सात गावांच्या संस्थेलाही आता 'तुमचा इम्पॅक्ट दाखवा' म्हणतात, आणि तो दाखवायला पगारी माणूस ठेवतो म्हटलं की 'प्रशासकीय खर्च' म्हणून नाक मुरडतात. मग आम्ही शोधतो फुकटचे हात. दोनदा तर मी चक्क निधीचा प्रस्ताव मुलांकडून लिहून घेतला आणि कॉलेजला अहवाल दिला, 'रणनीतीविषयक सहकार्य'. मुलं काय शिकली असतील ती शिकली.

कॉलेजांचंही सांगतो. मुळात ही कल्पना नवी नाही. १९३६ साली मुंबईत टाटांच्या नावाने समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं तेव्हापासून फील्डवर्क अभ्यासक्रमात आहे. आणंदला अमूलच्या कुरियन यांनी १९७९ मध्ये इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली, तिथली मुलं खेड्यात जाऊन राहतात. आयआयटी मुंबईत सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे, तिथले एमटेकवाले नळपाणी योजना गावात जाऊन तपासतात. २०१६ मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान आणलं तेही इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपापल्या भागातले प्रश्न हाती घ्यावेत म्हणून. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची (एमएसडब्ल्यू) मुलं आठवड्यातले दोन दिवस वर्षभर येतात, त्यांना खरीपही दिसतो आणि रब्बीही.

आणि हे समर प्रोजेक्टवाले येतात एप्रिल-मेमध्ये. शाळा बंद, शेतं रिकामी, निम्मं गाव लग्नात. गळती शोधायची तर ज्यात गळायचं ते भांडं तरी भरलेलं हवं ना! लातूरच्या त्या मुलीचं जमलं ते ती डिसेंबरात आली म्हणून. तिला मार्क किती पडले ठाऊक आहे? गटात सगळ्यांत कमी. सादरीकरणात तिच्या वाट्याला एकच स्लाईड आली होती आणि मार्गदर्शकांनी विचारलं, "यात फ्रेमवर्क कुठलं वापरलंय?"

मार्क देणाऱ्यांत दैनंदिनी भरणाऱ्या ताई का नसाव्यात, हा माझा त्या कॉलेजला प्रश्न आहे. आणि रिपोर्ट मराठीत का नसावा, हाही. ज्यांच्या कामाबद्दल लिहिलंय त्यांनाच तो वाचता येत नाही.

तर शुक्रवारी, म्हणजे आज, उत्तर पाठवलं. मुलं पाच नकोत, दोन पाठवा. एप्रिलमध्ये नको, डिसेंबरात पाठवा, आणि पुढच्या वर्षीची दोन मुलं याच वह्यांवर पुढे बसवा. एकाला तरी घाईत लिहिलेलं मराठी वाचता यायला हवं, ताईंचं अक्षर म्हणजे मोडीच. प्रॉब्लेम स्टेटमेंटच्या चौकटीत लिहिलं: 'सातवीनंतर मुली अभ्यासिकेत येणं थांबवतात. कारण आम्हाला माहीत आहे असं आम्हाला वाटतं. दैनंदिन्यांतले शेरे वाचून पाहावेत.'

राहायची खोली बघून ठेवलीय. पंखा आहे. लाईटचं काही सांगता येत नाही.