कच्ची मुले पक्की नोंदवण्याची कला

आपण पुण्यातील एखाद्या प्राथमिक शाळेत नव्याने मुख्याध्यापक म्हणून रुजू झाला असाल, तर सर्वप्रथम अभिनंदन, आणि त्यापाठोपाठ अनुभवाचे चार शब्द. वर्ष सुरू होताच पायाभूत चाचणी येईल, तिच्यामागून संकलित मूल्यमापन एक आणि दोन येतील, आणि प्रत्येक वेळी प्रथम भाषा, गणित व इंग्रजी या तीन विषयांच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे शाळेत येऊन पडतील. कोणते मूल कोठे अडले आहे हे शोधून त्याला जादा मदत द्यावी, असा या चाचण्यांचा हेतू सांगितला जातो. हेतू थोर आहे, म्हणून तो प्रास्ताविकात लिहावा आणि तेथेच ठेवावा.

कायद्याची चिंता करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखायची आहे आणि तिला अनुसरून आवश्यक ते जादा अध्यापन करायचे आहे. कुशल प्रशासक हे वाक्य ‘आणि’पर्यंत वाचतो. जोखण्याला तारीख असते, वेळापत्रक असते, गुण भरण्याची अंतिम मुदत असते. ‘आणि’च्या पुढे मात्र यांतले काहीच नसल्यामुळे तेथे थकबाकी राहिल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका शाळेत मी काही दिवस जात असे, तेथील चौथीतल्या एका मुलीची उत्तरपत्रिका नमुन्यादाखल घ्या. 63 वजा 28 या उदाहरणाचे उत्तर तिने 45 लिहिले होते, 52 वजा 19 चे 47 आणि 40 वजा 17 चे 37. अननुभवी माणूस येथे थबकतो. तिन्ही उत्तरे चुकीची असूनही एकाच शिस्तीत चुकलेली आहेत, ही पोर प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, मग तो वर असो की खाली, आणि तिला हातचा एवढीच एक गोष्ट समजलेली नाही, हे त्याला पाच मिनिटांत उमगते. अशा वाचनाची सवय लावून घेऊ नये. सात-आठ वर्षांच्या अनुभवाची कोणतीही वर्गशिक्षिका हे चाचणीवाचूनही सांगू शकते आणि चहा पिता पिता सांगतेही, पण चहाच्या वेळचे बोलणे अहवालाला जोडता येत नाही. आपण तिन्ही प्रश्नांना शून्य द्यावे, गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती ऑनलाइन गोळा करणाऱ्या सरकारी केंद्राच्या, चाटबॉटवर भरावेत आणि गठ्ठा सुतळीने बांधून कपाटाच्या खालच्या खणात ठेवावा. आजाराचे नाव ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागद शाळेतच राहावा आणि ताप किती चढला तेवढा आकडा वर जावा, अशी ही सोयीची वाटणी आहे.

आकडे भरताना नेटवर्क गेले, तर शिक्षकांना गच्चीवर पाठवावे. वर्ग तेवढा वेळ मॉनिटर सांभाळतो.

यानंतर उपचारात्मक अध्यापनाचा कृती आराखडा मागवला जाईल. तो मागील वर्षाचाच काढावा. त्यात ‘शालेय वेळेव्यतिरिक्त अर्धा तास’ असे शब्द अवश्य असावेत, कारण हा अर्धा तास घड्याळात कोठेच सापडत नसल्याने तो झाला नाही, असे कोणीही सिद्ध करू शकत नाही. शाळा सुटली की मुलांना धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी पोहोचायचे असते, आणि शिक्षकांच्या पिशवीत मतदार यादीचे काम असते. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे शिक्षण हक्क कायद्याचेच कलम 27 सांगते, मात्र जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना तेच कलम मोकळीक देते, आणि आपल्याकडे निवडणुका कधी संपतात हे एक कोडेच आहे.

पाचवी आणि आठवीची सोय तर त्याहून सुरेख आहे. याच कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची असते. आपल्याकडे निकाल महाराष्ट्र दिनाच्या आसपास लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. या दोन महिन्यांपैकी दीड महिना मूल आजोळी असते, शिक्षक गावी असतात आणि वर्गाला कुलूप असते. मार्गदर्शन झाल्याची नोंद करताना तारखा तेवढ्या जपून घालाव्यात, रविवार येऊ देऊ नये.

त्या चौथीतल्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. खरे तर विचारू नये. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एकदा तिला किराणा दुकानातून मीठ आणायला पाठवले होते आणि सुटे पैसे मोजताना ती गोंधळली. मावशींनी दहाच्या सहा नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी कट्ट्यावर मांडली. ‘‘मला अठ्ठावीस दे,’’ म्हणाल्या. तीन नाण्यांतून आठ देता येईनात, तेव्हा पोरीने आपणहून एक नोट उचलली आणि म्हणाली, ‘‘मावशी, ही मोडून द्या.’’ हातचा तो हाच. दहा मिनिटांत आटोपले आणि खिचडीही लागली नाही. मावशींची शैक्षणिक अर्हता आणि प्रशिक्षणाचे दिवस भरायला प्रपत्रात रकाना नसल्यामुळे हा प्रकार कळवण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

पुढच्या चाचणीच्या आठवड्यात तिच्या वडिलांचे बांधकामाचे काम पर्वतीहून हिंजवडीकडे हलले आणि ते बिऱ्हाडासह तिकडे गेले. चाचणीला ती गैरहजर होती. पहिल्या खेपेचे तिचे कमी गुण दुसऱ्या खेपेच्या हिशेबात आले नाहीत, त्यामुळे वर्गाची गणिताची सरासरी थोडी वर सरकली, आणि ‘उपचारात्मक अध्यापनाचे फलित’ या रकान्यात आम्ही ती वाढ नीट अक्षरात लिहिली. आपणही लिहाल. पेन मात्र निळे वापरावे, काळ्या शाईतले प्रपत्र मागे एकदा परत आले होते.