गणपतराव देशमुख दोनदा हरले होते, हे लपवू नका

भाची एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्या वहीत परवा एक ओळ दिसली : 'सांगोला – गणपतराव देशमुख – सलग ११ वेळा आमदार, एकदाही पराभव नाही.' कुठून घेतलंस म्हटल्यावर तिने व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवला. तोच मेसेज आमच्या चुलत्यांनी घरच्या ग्रुपवरही टाकलेला, खाली पंधरा जणांचे नमस्कार. चुलत्यांचं वय झालं, त्यांना काय बोलणार. पण पोरगी परीक्षेला बसणार आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : आबासाहेब, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख, १९६२पासून सलग निवडून आले, कधी पडले नाहीत. हा जागतिक विक्रम आहे. त्यांनी कधी मंत्रिपद घेतलं नाही. आमदार असून एसटीने फिरले. आणि शेवटी २०१९ला सांगोल्याच्या 'कृतघ्न' जनतेने पैसे घेऊन ९३ वर्षांच्या या माणसाला घरी बसवलं.

आधी 'सलग'चं पाहू. १९६२ ते २०१४ या काळात विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका किती झाल्या ते मोजा : ६२, ६७, ७२, ७८, ८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४, २००९, २०१४. बारा. माणूस एकदाही पडला नसता तर आकडा १२ आला असता, ११ नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढीही बेरीज केली नाही. खरा हिशेब असा की या बारांत १९७४ची पोटनिवडणूक धरायची, म्हणजे लढती झाल्या तेरा. त्यातल्या दोन गेल्या, राहिल्या अकरा.

पहिली गेली १९७२ला. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक, राज्यात काँग्रेसच्या २७० पैकी २२२ जागा आल्या. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव पडले. दोन वर्षांत पोटनिवडणूक लागली, त्याच लोकांनी त्यांना परत विधानसभेत पाठवलं. मधली दोन वर्षं महाराष्ट्राने पाहिलेल्या सर्वांत भीषण दुष्काळाची होती, आणि सांगोला तर कायमचा दुष्काळी तालुका. त्या दोन वर्षांत तालुक्याचं मन कसं फिरलं, हा अभ्यास करण्याजोगा प्रश्न आहे. 'कधी हरलेच नाहीत' म्हटलं की तो प्रश्नच उरत नाही.

दुसरी गेली १९९५ला, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. राज्यात काँग्रेसविरोधी वारं होतं, सत्ता जाऊन युतीचं सरकार आलं. सांगोल्यात मात्र उलटं झालं. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले, फरक १९२ मतांचा. एखाद्या वाडीवरचे मतदार त्या दिवशी बाजाराला गेले असते तरी निकाल फिरला असता. पस्तिशीच्या आसपासच्या पोराने सत्तरीकडे झुकलेल्या, पाय रोवून बसलेल्या आमदाराला पाडलं होतं. अशा वेळी बहुतेक पुढारी पक्ष बदलतात, नाहीतर मुलाला पुढे करतात. गणपतराव त्याच शेकापकडून, त्याच सांगोल्यातून १९९९ला पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. पुढे २००४, २००९, २०१४ ओळीने जिंकले. पराभव पुसून टाकलात की हे पुन्हा उभं राहणंही पुसलं जातं, आणि माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

आता २०१९. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, एका अख्ख्या तालुक्याची बदनामी करणारा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो : गणपतराव देशमुख २०१९ची निवडणूक लढलेच नाहीत. वयामुळे त्यांनी स्वतः थांबायचं ठरवलं. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे होते. समोर शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. दोघांनाही ९८ हजारांवर मतं पडली आणि शहाजीबापू ७६८ मतांनी निवडून आले. जो माणूस मतपत्रिकेवर नव्हता त्याला लोकांनी पाडलं कसं? आणि नातवाला ९८ हजारांवर मतं देणारा तालुका कृतघ्न कसा? 'पैसे घेऊन' हा शब्द लिहिणाऱ्याने एक पुरावा दिलेला नाही. रांगेत उभं राहून मत देणाऱ्या माणसांवर असा आरोप पुण्या-मुंबईत बसून पुढे ढकलताना कुणाला काहीच कसं वाटत नाही? पुढची गोष्टही मेसेजमध्ये नाही : २०२४ला त्याच तालुक्याने दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना शेकापकडूनच निवडून दिलं, शहाजीबापूंना २५ हजारांवर मतांनी हरवून. राज्यभरात शेकापचा तेवढा एकच आमदार आला.

बाकीचं झटपट. मंत्रिपद त्यांनी दोनदा घेतलं : १९७८ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ला विलासराव देशमुखांच्या सरकारात, तेव्हा रोजगार हमी त्यांच्याकडे होती. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराकडे रोजगार हमी खातं येणं ही सांगण्याची गोष्ट आहे, झाकण्याची नाही.

विक्रम महाराष्ट्रापुरता खरा आहे, तो मान्य. पण 'जागतिक' सोडा, देशातही नाही. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ अशा १३ निवडणुका जिंकले, मध्ये एकही न हरता. करुणानिधीही १३ वेळा आमदार झाले, मतदारसंघ मात्र बदलत.

एसटीचं खरं आहे. ते एसटीने फिरायचे, साधे राहायचे, हे सोलापूर जिल्ह्यात कुणीही सांगेल. एवढं एक खरं असल्यामुळेच बाकीचं खोटं त्याच्या आडून खपतं. सूतगिरणी उभी करणं, टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं उभं राहणं, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

ज्यांना माझंही खरं वाटत नाही त्यांनी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जावं. प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल तिथे फुकट मिळतो, मतदारसंघनिहाय, उमेदवारांच्या मतांसकट. १९७२ आणि १९९५चे महाराष्ट्राचे अहवाल उघडा आणि सांगोल्याची ओळ वाचा. भाचीने वाचली, वहीतली ओळ खोडली आणि खाली तेराच्या तेरा लढती लिहून काढल्या. चुलत्यांच्या ग्रुपवर तेच पान टाकलं आहे.