बोधिधर्माला जरा मोकळं सोडा

परवा लेकीच्या कराटे क्लासच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. बोधिधर्म नावाचा आपला दक्षिणेतला राजपुत्र चीनला गेला, शाओलिनच्या भिक्खूंना लढायला शिकवलं, तिथून कराटे जपानला पोचलं, म्हणजे सगळं मूळचं आपलंच. खाली तिरंग्यांची रांग. मी गप्प बसलो. पालकांच्या ग्रुपवर वाद घालून कुणाचं भलं झालंय? पण इथे माझ्या वॉलवर बोलतो.

शाओलिनचा मठ पाचव्या शतकाच्या शेवटी उभा राहिला तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्खूसाठी. हे खरं, आणि हे कुणी फॉरवर्ड करत नाही. मठात 728 सालचा शिलालेख आहे. 621 च्या लढाईत भिक्खूंनी ली शिमिनला, म्हणजे पुढच्या तांग सम्राटाला, मदत केली, ते त्यात कोरलंय. बोधिधर्माने कुणाला ठोसा मारायला शिकवल्याचं त्यात अवाक्षर नाही. ती गोष्ट ज्या व्यायामाच्या पोथीवरून पसरली, ती पोथी सतराव्या शतकातली. तांग हाओ या चिनी अभ्यासकाने 1930 मध्येच हा फुगा फोडला. आपण अजून त्यात हवा भरतोय.

मला चीड येते ती खरी हकीकत जास्त रंगतदार आहे म्हणून. कराटे ओकिनावाचं. हे बेट र्‍युक्यू नावाच्या छोट्या राज्याचं. चीनशी जुना व्यापार, तिथूनच हातघाईची विद्या आली. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी राज्य टाचेखाली घेतलं, 1879 मध्ये जपानने ते गिळूनच टाकलं. विद्या शिकवायची ती गुरूच्या अंगणात, रात्री, एखाददुसर्‍या शिष्याला. गिचिन फुनाकोशी हा शाळामास्तर असाच रात्री अंधारात गुरूच्या घरी जायचा. नाईहांची नावाच्या तीन कात्यांवर (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका) त्याची दहा वर्षं गेली. (आमच्या क्लासात तिसर्‍या आठवड्याला पालक विचारतात, "सर, पुढचा काता कधी घेणार?")

मग त्याचेच एक गुरू, आंको इतोसू, यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या शाळेत नेली. मुलांसाठी पाच सोपे काते बसवले. आज पोरं रांगेत उभी राहून "इच, नी, सान" ओरडतात ना, ती शिस्त शाळेच्या पी.टी.ची आहे, मठाची नव्हे. 1922 मध्ये फुनाकोशी टोकियोला प्रात्यक्षिक द्यायला गेले आणि तिथेच राहिले. पांढरा पोशाख आणि बेल्ट त्यांनी ज्यूदोकडून घेतले. ज्यूदोवाल्या जिगोरो कानोंनी 1882 मध्ये देवळातल्या बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली होती. त्यांनी घेतलेली 'दान' ही पायरी त्याआधी 'गो' या पटावरच्या खेळातल्या खेळाडूंना मिळायची. पिवळा-हिरवा-निळा हा बेल्टचा इंद्रधनुष्य तर बराचसा युरोपात रुजला. म्हणजे क्लासच्या बॅनरवरची 'हजारो वर्षांची परंपरा' आपल्या पणजोबांच्या वयाची निघते. त्यात कमीपणा काय आहे? उलट शाळामास्तरांनी उभी केलेली विद्या आहे ही, मला तर जास्त जवळची वाटते.

आता खरा भारतीय धागा. 'कराटे' आधी लिहायचे 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी. जपान-चीन वैर वाढलं तसं ते नाव खुपायला लागलं. 'कारा' हाच उच्चार ठेवून अक्षर बदललं, 'रिकामा हात' झालं, आणि 1936 मध्ये नाहा शहरात जमलेल्या ओकिनावाच्या गुरूंनीही ते मान्य केलं. राजकारणच ते. पण फुनाकोशींनी त्या रिकामेपणाला प्रज्ञापारमिता हृदयसूत्र या बौद्ध सूत्राचा आधार दिला. 'रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्.' आपलं शून्य तिथे, नावातच बसलंय. राजपुत्राची गोष्ट हवी कशाला?

बेल्टबद्दलही बोलतोच. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि नापास कुणीच नाही. एका क्लासमधून याच कारणाने मी लेकीला काढलं. काळ्या बेल्टच्या पहिल्या पायरीला 'शोदान' म्हणतात, 'शो' म्हणजे सुरुवात. आपल्याकडे तो मिळाला की फ्लेक्स लागतो आणि दहावीचं वर्ष आलं म्हणून क्लास बंद.

सध्या घरी हॉलमध्ये हेइआन शोदान चालू आहे, हा बेल्ट नव्हे, काता. इतोसूंच्या पाच कात्यांपैकीच हा एक. पाचही काते बचावाने सुरू होतात, हल्ल्याने नाही. डावीकडे वळायचं, हात खाली झाडायचा, मग एक पाऊल पुढे आणि ठोसा. जिथून निघालो तिथेच परत यायचं. लेक दरवेळी दीड फूट पलीकडे संपवते. काल तिला म्हटलं, पावलं सारखी पडत नाहीत तुझी. तर म्हणे, "बाबा, टीपॉय मध्ये येतो. तो हलवा ना."

टीपॉय आता बाल्कनीत आहे. पाऊण फूट राहिलंय.