.५०० रिव्हॉल्व्हर का नको? साताऱ्याच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एक चूक सापडली, आणि ती माझी होती. म्हणून सविस्तर लिहितोय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अलास्कात शिकारीला आणि बॅकअपला, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर बचावाला, एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर .४४ मॅग्नम काडतुसाचं घ्या, असं मी लिहिलं होतं. काका फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा पुतण्या नुकताच अँकरेजला नोकरीला आलाय आणि माझा लेख वाचून खरेदीला निघालाय. काकांचे आक्षेप चार: रायफल असताना अंगावर दुसरं हत्यार बाळगणं ही सिनेमातली हौस, घ्यायचंच तर त्याहून दणकट .५०० घ्यावं, .४४ सुचवून मी पोराचा जीव धोक्यात घालतोय. आणि मी दिलेला गोळीचा वेग खोटा आहे.

वेगाबद्दल तुमचं बरोबर आहे. २४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला सेकंदाला १४०० फुटांच्या आसपास, हा आकडा मी काडतुसांच्या खोक्यावरून उचलला. तो लांब नळीतून मोजलेला असतो. मी सुचवत होतो ४ इंची नळी, आणि तिच्यातून त्यातले दीडदोनशे फूट सहज गळतात. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नव्हतंच.

आता रायफल. नोव्हेंबरात कोडियाक बेटावर हरणाला गेलात असं समजा. हरीण पडलं की रायफलीचं काम संपतं आणि तुमचं सुरू होतं. गुडघ्यावर बसून, बाह्या सारून, कोपरापर्यंत रक्तात हात घालून आतडी काढायची. रायफल चार पावलांवर झुडपाला टेकवलेली. बेटावर तपकिरी अस्वलं भरपूर, मोठे नर ६०० किलोपर्यंत भरतात, आणि रक्ताचा वास त्यांना लांबून येतो. अस्वल धावलं तर ३० मीटर दोन सेकंदांत कापतं. तेव्हा रायफलीकडे झेपावणं म्हणजे वरातीमागून घोडं. छातीवर बांधलेलं रिव्हॉल्व्हर मात्र हाताशी असतं. छातीवर अशासाठी, की कमरेला पाठपिशवीचा पट्टा असतो आणि सामन मासेमारीला वेडर, म्हणजे पाण्यात उतरायचा छातीपर्यंतचा पोशाख, घातला की कंबर हाताला सापडतच नाही.

तेव्हा सिनेमाची हौस नव्हे. पण रायफलीची बरोबरीही नव्हे. दोन्ही हात मोकळे असतील आणि रायफल खांद्यावर असेल, तर रिव्हॉल्व्हरला हात लावायचं कारणच नाही.

.५०० बद्दल. स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीने ते २००३ मध्ये आणलं. नळीच्या तोंडाशी त्याची ऊर्जा .४४ च्या दुपटीहून अधिक आहे, हे मला मान्य. पण लांब नळीचं ते रिव्हॉल्व्हर दोन किलो भरतं आणि चक्रीत काडतुसं पाच. दोन किलो छातीवर बांधून दिवसभर डोंगर चढलेला माणूस तिसऱ्या दिवशी ते तंबूत ठेवून निघतो. मी निघालो होतो. माझं नव्हतं, मित्राचं उसनं आणलेलं.

दुसरी गोष्ट धक्क्याची. नेम धरून एक गोळी कुणीही मारेल. दुसरी कधी सुटते ते बघा. .५०० ने माझा हात कपाळापर्यंत वर जातो आणि तो खाली येईस्तोवर माझी दोन सेकंद संपलेली असतात. अस्वलाला ऊर्जेचा आकडा ऐकू येत नाही. गोळी मेंदूपर्यंत किंवा कण्यापर्यंत पोचली तरच ते जागच्या जागी थांबतं. तिथे लागतो नेम आणि खोल शिरणारी गोळी. म्हणून कठीण शिशाची, सपाट तोंडाची, जड गोळी वापरा. पसरणारी हॉलो पॉइंट हरणाला ठीक, अस्वलाला नको.

मग हलकं घ्यावं का? तेही नको. ७०० ग्रॅमच्या आसपास वजनाची .४४ मॅग्नम मिळतात, बाळगायला सुख. पण झाडल्यावर तळहात सोलवटतो. त्याहून वाईट म्हणजे धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, एखादी बाहेर डोकावते आणि चक्री अडकते. माझं .४४ रिव्हॉल्व्हर रूगर रेडहॉक, साडेपाच इंची नळीचं, १.४ किलोचं. छातीला थोडं जड आणि शिकारीला थोडं आखूड, म्हणजे दोन्हीकडे तडजोडच. हरणावर मी ५० यार्डांपलीकडे झाडत नाही. दुर्बीण बसवली तर अंतर वाढेल, पण मग ते होल्स्टरमध्ये मावणार नाही आणि बॅकअपचा मुद्दाच संपेल.

शिवाय ते डबल अ‍ॅक्शन आहे, ट्रिगर ओढला की झालं. सिंगल अ‍ॅक्शन दिसायला देखणी, पण घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो, आणि रक्ताळलेल्या अंगठ्याचा भरवसा मी धरत नाही.

इथले बरेच जण आता १० मिमीचं ग्लॉक पिस्तूल बाळगतात. ग्रीनलंडमधलं डॅनिश सिरियस गस्तीपथकही तेच वापरतं. १५ काडतुसं बसतात. वाईट नाही, पण शिकारीला मला .४४ च बरं वाटतं.

लेखात एक गोष्ट राहिली होती, ती तुम्हीही विचारली नाहीत: मिरचीचा फवारा. अलास्कातल्या घटनांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपकिरी अस्वलांवर हा फवारा (बेअर स्प्रे) ९२ टक्के वेळा लागू पडला होता. तो फारसा नेम मागत नाही, मात्र वारा समोरून असेल तर आपलेच डोळे झोंबतात. पुतण्या नुसताच भटकायला जाणार असेल तर त्याला तोच घेऊ द्या. आणि जीव वाचवायला अस्वल मारलंच, तर नखांसकट कातडं आणि कवटी सरकारजमा करून लेखी अहवाल द्यावा लागतो, हेही त्याच्या कानावर घाला.

खरेदीआधी एक महत्त्वाचं. तो एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आला असेल, तर शिकारीचा वैध परवाना किंवा कायद्यातली दुसरी एखादी सवलत असल्याशिवाय त्याला बंदूक जवळ बाळगणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर राहू नका, वकिलाला विचारू द्या. तोवर माझ्या रेडहॉकलाही मी त्याला हात लावू देणार नाही. कागद हातात आले की रेंजवर पाठवा. सुरुवात .४४ स्पेशल या सौम्य काडतुसाने करू. त्याच चक्रीत बसतं आणि धक्का निम्म्याहून कमी. मॅग्नमच्या सहा गोळ्या त्याने न दचकता मारल्या तर खरेदीला मी सोबत जाईन.