‘बाईला बाईचं यश बघवत नाही’ हे धादांत खोटं आहे

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘बाईला बाईचं यश बघवत नाही’ हे त्याचं पहिलं वाक्य आणि खाली पाच मुद्दे. स्पर्धेत बायका एकमेकींचे पाय ओढतात. पुरुष भांडतात, पण लगेच विसरतात. महिला क्रिकेटमधलं मिताली-हरमनप्रीतचं भांडण सगळ्या जगाने पाहिलंय. संशोधनानेही हेच सिद्ध केलंय. आणि म्हणून मुलींनी आपली तयारी, आपलं यश मैत्रिणींपासून लपवून ठेवावं.

एरवी असले मेसेज मी सोडून देते. हा माझ्या भाचीला आला. ती पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. पीएसआयच्या अंतिम यादीत तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचं नाव लागलं, हिचं थोडक्यात हुकलं. आणि त्याच आठवड्यात घरातल्याच एका मोठ्या माणसाने ‘विचार कर’ असं वर लिहून तिला हा मेसेज पाठवला.

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण खरं नुकसान तो करतो. अभ्यासिकेत मुली कशा शिकतात हे ज्याने पाहिलंय, तो हा सल्ला देणार नाही. नोट्स एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातात. एकमेकींची उत्तरं तपासली जातात. पहाटे ग्राउंडला जाताना सोबत लागते, मुलाखतीच्या सरावात समोर बसून प्रश्न विचारणारी कुणीतरी लागते. मुलांना रात्री उशिरा चहाच्या टपरीवर सीनियर भेटतात, बोलता बोलता चार गोष्टी कळतात. मुलींच्या वसतिगृहाचं दार तोवर बंद झालेलं असतं. गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच ही परीक्षा देणाऱ्या मुलीला कोण सांगणार, की मुलाखतीत नेमकं काय विचारतात? नुकतीच निवड झालेली मैत्रीणच सांगणार. शिवाय ती मैत्रीण आता या शर्यतीतून बाहेर पडली आहे, पुढच्या वर्षी तिची जागा भाचीच्या आड येणार नाही, एवढा साधा हिशोबही मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही. भाचीला वाईट वाटलं का? वाटलं. ती रडलीसुद्धा. आणि मैत्रिणीच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या. एकाच माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी राहू शकतात.

आता क्रिकेट. वाद झाला होता, ते मी नाकारत नाही. २०१८च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात उपांत्य सामन्यातून मिताली राजला वगळलं, भारत इंग्लंडकडून हरला, तरी कर्णधार हरमनप्रीत कौरने त्या निर्णयाचं समर्थन केलं. आपल्याला ते लागलं, असं मितालीने क्रिकेट मंडळाला पत्रात लिहून कळवलं. मेसेज इथे थांबतो. मी थांबणार नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, आणि मग तो चषक मिताली, झूलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंच्या हातात दिला. मिताली आणि झूलन २००५ आणि २०१७ असे दोन अंतिम सामने खेळून दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतल्या होत्या. ज्यांना आठवणीने बोलावून चषक द्यावासा वाटतो, त्या एकमेकींच्या शत्रू कशा?

त्याच रात्री प्रतिका रावल व्हीलचेअरवरून मैदानात आली होती. स्पर्धेत ३०८ धावा काढणारी ही सलामीची फलंदाज बांगलादेशविरुद्ध जखमी झाली आणि तिची जागा शफाली वर्माला मिळाली. शफालीने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले, सामनावीर ठरली. जागा एकच होती आणि ती हातची गेली होती. तरी प्रतिका त्या जल्लोषात होती. याहून कठीण परीक्षा कुठली असते?

पुरुष विसरतात, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यातून भारताचे कर्णधार, विजयानगरमचे महाराजकुमार, यांनी आपल्याच संघातल्या लाला अमरनाथांना परत घरी पाठवलं होतं. त्यावरून ‘पुरुषच पुरुषाचा शत्रू’ अशी म्हण कुणी केली नाही.

राहिलं संशोधन. मेसेजमध्ये ना नाव, ना वर्ष. बहुधा ‘क्वीन बी’ या कल्पनेकडे बोट असावं: वर पोहोचलेली बाई खालच्या बायकांना दूर ठेवते. यात अर्धं तथ्य आहे. मीही अशा वरिष्ठ पाहिल्या आहेत, त्यांचा त्रास भोगलेल्या मुलीही पाहिल्या आहेत. पण मानसशास्त्रज्ञ बेले डर्क्स आणि सहकाऱ्यांनी नेदरलंड्समधल्या वरिष्ठ महिला पोलिसांवर केलेला, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. नोकरीत बाई म्हणून झालेला भेदभाव त्यांना आठवायला सांगितला. आपण बाई आहोत ही ओळख ज्यांना फारशी जवळची नव्हती, त्या त्यानंतर इतर बायकांपासून अंतर राखू लागल्या. ज्यांना ती जवळची होती, त्यांना उलट इतर बायकांसाठी काही करावंसं वाटू लागलं. म्हणजे अंतर पडतं ते भेदभावाच्या धाकाने, तेही सगळ्यांमध्ये नाही. ‘बाईचा स्वभावच तसा’ असं त्यातून निघत नाही.

ज्यांनी हा मेसेज परीक्षा देणाऱ्या एखाद्या मुलीला पाठवला असेल, त्यांनी तिला आजच फोन करावा आणि सांगावं, की निवड झालेल्या मैत्रिणीला भेट आणि तिच्याकडून मुलाखतीची टिपणं मागून घे.