चार डॉलरांचं वर्षासन

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत निघालेला आदिवासी शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत पोचला, तेव्हा वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू असं सरकारनं लेखी दिलं. २०२३ च्या मार्चमध्ये माणसं पुन्हा त्याच रस्त्यावर होती आणि मागण्यांत वनजमीन पुन्हा होतीच. अशा वेळी मराठी चर्चांत एक वाक्य हमखास येतं: "यांना अजून किती सवलती द्यायच्या?" कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात बसून हे वाचताना 'सवलत' हा शब्द फार खटकतो. आदिवासींना द्यायचं ते सरकारच्या मर्जीवर, की ते कराराचं देणं, याच मुद्द्यावर इथे दहा वर्षं खटला चालला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा निकाल लावला.

प्रकरण १८५० चं आहे. लेक सुपीरियर आणि लेक ह्युरॉन या सरोवरांच्या उत्तरेला तांबं सापडलं आणि सरकारनं तिथल्या अनिशिनाबे आदिवासींना न विचारता खाणींचे परवाने वाटले. १८४९ च्या नोव्हेंबरात लोकांनी मायका बेची खाण ताब्यात घेतली, तेव्हा कुठे सरकार बोलणी करायला आलं. सप्टेंबर १८५० मध्ये सू सेंट मेरी इथे विल्यम रॉबिन्सन यांनी सरकारच्या वतीनं दोन करार केले, एक सुपीरियरच्या आणि एक ह्युरॉनच्या लोकांशी. मुलूख प्रचंड होता, पुढे सडबरीचं निकेल आणि एलियट लेकचं युरेनियम त्यातूनच निघालं. मोबदला म्हणून दोन्ही मिळून ४,००० पौंड रोख आणि दरवर्षी सुपीरियरला ५०० व ह्युरॉनला ६०० पौंड वर्षासन ठरलं. करारात मोजलेली माणसं अनुक्रमे १,२४० आणि १,४२२. पौंडाला चार डॉलर धरले तर माणशी वर्षाला पावणेदोन डॉलरही होत नाहीत.

एवढ्यावर शिंगवाकोन्ससारखे मुरलेले प्रमुख तयार झाले, कारण करारात वाढीचं कलम होतं. सरकारला तोटा न होता वर्षासन वाढवता येईल इतकं उत्पन्न या मुलखातून निघालं, तर ते वेळोवेळी वाढेल. मात्र माणशी एक पौंडापेक्षा, म्हणजे चार डॉलरांपेक्षा, जास्त नाही, 'किंवा महाराणी कृपा करून ठरवतील ती पुढील रक्कम'. १८७५ मध्ये ते चार डॉलर झालं आणि तिथेच थांबलं. खाणी वाढल्या, जंगलं तुटली, रेल्वे आली, वर्षासन मात्र चार डॉलरच राहिलं.

याच कागदात कपातीचंही कलम आहे. लोकसंख्या करारातल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाखाली गेली, तर वर्षासन त्याच प्रमाणात कमी होईल. कमी करायचं सूत्र अपूर्णांकासकट लिहिलेलं आणि वाढवायचं सूत्र 'तोटा न होता' आणि 'कृपा करून' या शब्दांवर सोडलेलं! बोलणी झाली अनिशिनाबे भाषेत, कागद तयार झाला इंग्रजीत. असा कागद कुठे फसतो ते पाहायचं असेल, तर वाढीचं आणि कपातीचं कलम शेजारी ठेवून वाचावं.

दुसरी खोट हिशेबाची. मुलखातून सरकारला किती मिळालं आणि त्यावर किती खर्च झाला, याची वेगळी वही कोणी ठेवलीच नाही. त्यामुळे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं खाणींचं स्वामित्वधन, लाकडाचं शुल्क, जमीनविक्री, आणि उलट बाजूला रस्ते-रेल्वेचा खर्च, हे सगळं तज्ज्ञांना कोर्टात नव्यानं मांडावं लागलं. सुपीरियरच्या बाजूनं १२,६०० कोटी डॉलरांचा आकडा आला, तर प्रांताचं म्हणणं की आमचा खर्चच जास्त झाला. आकड्यांत इतकी दरी पडते ती वही नसल्यामुळे.

तिसरी खोट म्हणजे कमाई एकाच्या खिशात आणि देणं दुसऱ्याच्या नावावर. खाण-जंगलाचं उत्पन्न ऑन्टॅरिओला, वर्षासन द्यायचं ओटावानं, म्हणजे केंद्र सरकारनं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात पिढ्या गेल्या. महाराष्ट्रात वनहक्काची जबाबदारी आदिवासी विकास विभागाची आणि जमीन वन विभागाच्या ताब्यात, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या एकमुखी निकालानं कराराची थट्टा झाल्याचं स्पष्ट म्हटलं. वाढ करायची की नाही हा विवेक सरकारचा असला, तरी तो प्रामाणिकपणे आणि उदारपणे वापरायलाच हवा, त्याची तपासणी न्यायालय करू शकतं, आणि मुदत उलटली या सबबीवर दावा फेटाळता येणार नाही. ह्युरॉनच्या २१ समुदायांशी केंद्र आणि प्रांतानं आधीच १,००० कोटी डॉलरांची तडजोड केली होती. सुपीरियरसाठी सरकारांनी २०२५ मध्ये ३६० कोटी ठरवले. हे सगळं मागच्या थकबाकीचं. यापुढचं वर्षासन किती, हा प्रश्न वेगळा.

ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथली बरीच जमीन १८१८ च्या अजेटन्स करारातली: ६,४८,००० एकर, बदल्यात वर्षाला ५२२ पौंड १० शिलिंगांचा माल. एकरी पाव पेनीसुद्धा नाही. इथल्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला मूळ लोकांचं ऋण मानणारं निवेदन वाचलं जातं. त्यात बहुधा समुदायाचं नाव असतं, कधी कराराचंही असतं, पण रक्कम नसते. ती वाचली जावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे असे तह नव्हतेच, असं कोणी म्हणेल. नाशिकच्या शेजारचं डांग आठवावं. १८४२ मध्ये इंग्रजांनी सागवानासाठी भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं. आज डांग गुजरातेत आहे आणि तरी दरवर्षी होळीच्या आधी आहव्याला दरबार भरतो. गाढवी, आमाळा, लिंगा, वासुर्णा आणि पिंपरीच्या राजांना सरकारी सालियाना मिळतो. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये गेले, हा सालियाना राहिला. पण तो राजांच्या आणि नाईकांच्या घराण्यांना मिळतो. रॉबिन्सन करारात वाढीचा आकडा माणशी होता, म्हणून तिथे प्रत्येक माणूस त्या करारातला हक्कदार ठरतो. डांगच्या सामान्य भिल्ल-कुणब्याला त्या भाडेपट्ट्यावर बोट ठेवून काही मागता येत नाही, त्याला २००६ च्या वनहक्क कायद्याच्याच दारात उभं राहावं लागतं.

तो कायदा वाचायला चांगला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा, कमाल चार हेक्टर. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, तिथून उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे. पुरावे किमान दोन, आणि त्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. कॅनडाच्या न्यायालयानं मौखिक इतिहास पुरावा म्हणून ठामपणे उचलून धरला तो १९९७ मध्ये, आपल्याकडे तो नियमातच आहे. बिघडतं अंमलात. म्हाताऱ्यांचा जबाब बाजूला ठेवून उपग्रहाचं चित्र मागतात, वास्तविक २०१२ च्या नियमांनुसार ते फक्त पूरक आहे. नामंजुरीचं कारण लेखी हातात पडत नाही, मग अपिलाचे साठ दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले तेच कळत नाही. कसतात चार एकर आणि पट्टा येतो काही गुंठ्यांचा.

म्हणून पुढच्या वेळी मोर्चाला लेखी आश्वासन मिळेल तेव्हा 'सहा महिन्यांत' एवढ्यावर कोणी परत फिरू नये. कोणत्या तालुक्यातले किती दावे, दाव्यागणिक किती क्षेत्र, कोणत्या पदावरचा अधिकारी आणि कोणती तारीख, हे त्यात हवं. तारीख टळली तर काय, हेही हवं. तपशील सुटला की मिळालेला हक्कही अडतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टरांचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वन विभागाकडूनच घ्यायचा होता. परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं एप्रिल २०११ मध्ये. त्यानंतर गावानं बांबू स्वतः विकला.